स्वतःचा चॅट सर्व्हर आणि डीएनएस रेकॉर्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चॅट सर्व्हरचं सॉफ्टवेअर बसवायला फारसा वेळ लागत नाही. अडतं ते नंतर. सर्व्हर चालू असतो, लॉगमध्ये एकही एरर नसतो, तरी फोनवरचं ॲप ‘सर्व्हर सापडला नाही’ म्हणून हटून बसतं. अशा वेळी दहातल्या आठांचं दुखणं डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून मशीनचा आयपी पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या नोंदवहीत निघतं, असा माझा अनुभव आहे. त्या वहीतली एकेक नोंद म्हणजे रेकॉर्ड. खालचे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले आहेत, काही मी स्वतःच कधीतरी कुणाला तरी विचारलेले.

उदाहरणांसाठी सगळीकडे उदाहरण.कॉम हे डोमेन, चॅट.उदाहरण.कॉम हे मशीनचं नाव आणि २०३.०.११३.१० हा आयपी धरला आहे. इथे सगळं देवनागरीत लिहिलंय, प्रत्यक्ष पॅनेलमध्ये, म्हणजे डीएनएस पुरवठादाराच्या रेकॉर्ड भरायच्या पानावर, अर्थातच रोमन अक्षरं आणि आकडे टाकायचे.

रेकॉर्ड टाकण्याआधी काय ठरवायचं?

नाव. आणि नावं दोन असतात, हे आधी मनात पक्कं करायचं. पहिलं नाव लोकांच्या पत्त्यात दिसतं, म्हणजे मीरा@उदाहरण.कॉम मधलं ‘उदाहरण.कॉम’. दुसरं नाव सर्व्हर ज्या मशीनवर चालतो त्या मशीनचं, म्हणजे चॅट.उदाहरण.कॉम. पत्ता कायमचा असतो, मशीन बदलत राहतं. आज घरातल्या जुन्या लॅपटॉपवर, उद्या भाड्याच्या सर्व्हरवर, परवा आणखी कुठे. पत्त्यातलं नाव न हलवता त्यामागचं मशीन हलवता यावं, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

पहिलं नाव घाईत ठरवू नका. मॅट्रिक्स आणि एक्सएमपीपी या वेगवेगळ्या सर्व्हरना एकमेकांशी बोलू देणाऱ्या दोन चॅट पद्धती आहेत. मॅट्रिक्समध्ये सर्व्हरचं नाव एकदा ठरलं की बदलता येत नाही, कारण ते प्रत्येक खात्यात आणि प्रत्येक खोलीच्या इतिहासात कोरलेलं असतं. एक्सएमपीपीमध्येही नाव बदलणं म्हणजे सगळ्यांना नवी खाती आणि नव्याने संपर्क जोडत बसणं. पत्ता छोटा आणि सांगायला सोपा हवा असेल तर मूळ डोमेनच वापरा, मीरा@चॅट.उदाहरण.कॉम असं लांबलचक नको.

कमीत कमी किती रेकॉर्ड लागतात?

एकही पुरतो, पण ते सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे. मॅटरमोस्ट किंवा रॉकेट.चॅट ही खरं तर वेबसाइटच असते, त्यामुळे चॅट.उदाहरण.कॉमचा एक ए रेकॉर्ड (नावाचा आयपीव्ही४ पत्ता सांगणारा) आणि ४४३ पोर्ट (पोर्ट म्हणजे मशीनवरचं सेवेचं क्रमांकाचं दार) उघडा असला की काम झालं. बाकीचं पान वाचलं नाहीत तरी चालेल.

एक्सएमपीपीमध्ये पत्त्यातलं डोमेन आणि मशीन एकच असेल तरीही एका ए रेकॉर्डवर भागतं. एसआरव्ही रेकॉर्ड (सेवा कोणत्या मशीनवर, कोणत्या पोर्टवर आहे ते सांगणारा) सापडला नाही, तर ॲप थेट डोमेनचाच आयपी शोधतं आणि ५२२२ पोर्टवर जातं. दुसरे सर्व्हर त्याच पद्धतीने ५२६९ वर येतात. पण उदाहरण.कॉमवर वेबसाइट असेल आणि चॅट दुसऱ्या मशीनवर, तर एसआरव्हीला पर्याय नाही.

ए आणि क्वाड ए दोन्ही टाकायचे का?

क्वाड ए रेकॉर्ड नावाचा आयपीव्ही६, म्हणजे नव्या, लांब धाटणीचा आयपी सांगतो. मशीनवर आयपीव्ही६ खरोखर चालत असेल आणि फायरवॉलमध्ये त्या बाजूनेही पोर्ट उघडे असतील, तरच क्वाड ए टाका. नुसता ‘असू द्या’ म्हणून नको.

यात मी एकदा चांगलाच पोळलोय. मशीन बदलताना ए रेकॉर्ड बदलला आणि क्वाड ए तसाच जुन्या मशीनकडे बोट दाखवत राहिला. जुनं मशीन मी बंद केलेलं नव्हतं. निम्मे लोक नव्या सर्व्हरवर, आयपीव्ही६ असलेले जुन्यावर, आणि दोन्हीकडच्यांना वाटतंय की समोरचा उत्तरच देत नाही. एरर कुठेही नाही! तेव्हापासून नवं मशीन सुरू करण्याआधी जुन्यावरचा चॅट सर्व्हर मी आठवणीने थांबवतो.

एसआरव्ही रेकॉर्ड वाचायचा कसा?

एक्सएमपीपीसाठी नेहमीचे दोन रेकॉर्ड असे:

_एक्सएमपीपी-क्लायंट._टीसीपी.उदाहरण.कॉम. ३६०० आयएन एसआरव्ही ५ ० ५२२२ चॅट.उदाहरण.कॉम.

_एक्सएमपीपी-सर्व्हर._टीसीपी.उदाहरण.कॉम. ३६०० आयएन एसआरव्ही ५ ० ५२६९ चॅट.उदाहरण.कॉम.

सुरुवातीला सेवेचं नाव आणि प्रोटोकॉल, दोन्हींच्या पुढे अंडरस्कोर. मग पत्त्यातलं डोमेन. ३६०० हा टीटीएल, म्हणजे हे उत्तर किती सेकंद साठवून ठेवायचं. नंतरचे तीन आकडे म्हणजे प्रायॉरिटी, वेट आणि पोर्ट. शेवटी मशीनचं नाव. पहिली ओळ ॲपसाठी, दुसरी इतर सर्व्हरसाठी. दुसरी राहून गेली तर तुमच्या तुमच्यात गप्पा नीट चालतात, बाहेरच्या सर्व्हरवरचे संदेश मात्र पोहोचत नाहीत. म्हणून ही चूक कित्येक दिवस लक्षातच येत नाही.

प्रायॉरिटीचा आकडा जितका लहान तितका मान मोठा. ५ वाल्याकडे आधी जायचं, तो बंद असेल तर १० वाल्याकडे. वेटचा उपयोग दोन रेकॉर्डची प्रायॉरिटी सारखी असेल तेव्हाच: एकाला ७० आणि दुसऱ्याला ३० दिलं की गर्दी साधारण त्या प्रमाणात वाटली जाते. एकच मशीन असेल तर वेट ० ठेवा आणि विसरून जा.

आणखी एक जोडी आहे: _एक्सएमपीपीएस-क्लायंट आणि _एक्सएमपीपीएस-सर्व्हर. ‘पी’नंतरच्या त्या एका ‘एस’वरून फरक ओळखायचा. साध्या जोडीत जोडणी आधी उघडी सुरू होते आणि मग टीएलएस (जोडणीचं कूटबद्धीकरण) चढतं, या जोडीत पहिल्या क्षणापासून टीएलएस असतं. त्यासाठी बहुधा ५२२३ आणि ५२७० हे पोर्ट वापरतात. काही ठिकाणच्या वाय-फायवर ४४३ सोडून सगळं अडवलेलं असतं. तिथे _एक्सएमपीपीएस-क्लायंट ४४३ वर नेऊन ठेवला की गप्पा पुन्हा सुरू होतात. पण नुसता रेकॉर्ड टाकून भागत नाही, त्या पोर्टवर सर्व्हर खरोखर ऐकत असला पाहिजे.

दुसऱ्या सर्व्हरशी बोलायचंच नसेल तर एसआरव्हीचं टार्गेट म्हणून नुसता एक टिंब देता येतो. ‘ही सेवा इथे नाही’ असा त्याचा अर्थ.

टार्गेटच्या जागी आयपी किंवा सीनेम चालेल का?

आयपी चालत नाही, तिथे नावच हवं. आणि ते नाव सीनेम, म्हणजे दुसऱ्या नावाकडे वळवणारं टोपणनाव, असू नये, असं एसआरव्हीच्या प्रमाणभूत दस्तऐवजात, म्हणजे २००० सालच्या आरएफसी २७८२ मध्ये स्पष्ट लिहिलंय. काही ॲप ते खपवून घेतात, काही घेत नाहीत. ‘माझ्या फोनवर चालतं, तिच्या फोनवर नाही’ हे कोडं मग सुटता सुटत नाही. टार्गेटच्या नावाला थेट ए रेकॉर्ड द्या.

मूळ डोमेनवर सीनेम टाकायचा विचार तर सोडूनच द्या. तिथे एसओए (झोनची, म्हणजे डोमेनच्या सगळ्या रेकॉर्डच्या संचाची, मूळ माहिती) आणि एनएस (त्या झोनची उत्तरं देणाऱ्या नेमसर्व्हरची नावं) हे रेकॉर्ड असतातच, आणि सीनेमला शेजारी दुसरा रेकॉर्ड चालत नाही.

पॅनेलमध्ये नाव पूर्ण लिहायचं की अर्धं?

याचं एकच एक उत्तर नाही, आणि चीड येते ती याचीच. बहुतेक पॅनेल नावाच्या रकान्यात तुमचं डोमेन आपणहून मागे जोडतात. तिथे पूर्ण नाव लिहिलं की रेकॉर्ड तयार होतो तो _एक्सएमपीपी-क्लायंट._टीसीपी.उदाहरण.कॉम.उदाहरण.कॉम असा. पॅनेलवर सगळं हिरवंगार दिसतं आणि बाहेरून विचारलं तर उत्तर रिकामं. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली आहे.

टार्गेटच्या रकान्यातही हाच घोळ होऊ शकतो. झोन फाइल हाताने लिहीत असाल तर शेवटचं टिंब महत्त्वाचं: टिंब असेल तर नाव पूर्ण, नसेल तर मागे डोमेन जोडलं जातं. काही पॅनेल सेवा, प्रोटोकॉल, पोर्ट यांना वेगवेगळे रकाने देतात. काही जण वेट, पोर्ट आणि टार्गेट एकाच रकान्यात जागा सोडून लिहायला लावतात. रेकॉर्ड जपून ठेवला की लगेच बाहेरून विचारून बघा, पॅनेलवर विश्वास ठेवू नका.

सर्टिफिकेट कोणत्या नावाचं घ्यायचं?

सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारा डिजिटल दाखला. एक्सएमपीपीसाठी ते पत्त्यातल्या नावाचं, म्हणजे उदाहरण.कॉमचं. चॅट.उदाहरण.कॉमचं नाही. बहुतेक जण इथेच अडखळतात, कारण मनात ‘ज्या मशीनशी जोडलं जातोय त्याचं सर्टिफिकेट’ असं बसलेलं असतं.

पण ॲपच्या बाजूने विचार करा. मीराने ॲपला सांगितलंय की मला उदाहरण.कॉमशी बोलायचंय. वाटेत डीएनएसने सांगितलं, ‘ते चॅट.उदाहरण.कॉमवर आहेत.’ हे सांगणारा खरा कशावरून? साध्या डीएनएसच्या उत्तरावर सही-शिक्का नसतो, मधला कुणीही खोटं उत्तर घुसडू शकतो. म्हणून ॲप रस्ता डीएनएसला विचारतं, पण दारात उभ्या असलेल्याची ओळख मूळ नावावरूनच पटवतं. हे एकदा उमगलं की सर्टिफिकेटबद्दलचे बाकीचे प्रश्न आपोआप सुटतात.

पण उदाहरण.कॉमची वेबसाइट दुसऱ्याच मशीनवर आहे. चॅटच्या मशीनवर ते सर्टिफिकेट मिळवायचं कसं?

फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची पद्धत डोमेनच्या ८० पोर्टवर एक फाइल शोधते, आणि ती विनंती वेबसाइटच्या मशीनवर जाते. तिथे चॅटचं मशीन काही करू शकत नाही. त्यामुळे डीएनएसची पद्धत वापरा: _एक्मे-चॅलेंज या नावाने एक टीएक्सटी (मोकळा मजकूर ठेवणारा) रेकॉर्ड टाकून डोमेन तुमचं असल्याचं सिद्ध करायचं. हे हाताने करू नका, नूतनीकरणाच्या वेळी हमखास विसराल. डीएनएसचा एपीआय (प्रोग्रामला रेकॉर्ड बदलू देणारी सोय) देणारा पुरवठादार घ्या, किंवा _एक्मे-चॅलेंज हे नाव सीनेमने अशा झोनकडे वळवा जिथे एपीआय आहे.

वाइल्डकार्ड, म्हणजे उपनावांना चालणारं सर्टिफिकेटही याच पद्धतीने मिळतं. मात्र *.उदाहरण.कॉमच्या सर्टिफिकेटमध्ये उदाहरण.कॉम येत नाही, दोन्ही नावं वेगवेगळी मागावी लागतात. झोनमध्ये सीएए रेकॉर्ड असेल तर त्यात तुमच्या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नाव आहे ना, ते बघून घ्या. सीएए मुळीच नसेल तर कुणालाही सर्टिफिकेट देता येतं. आणि नवं सर्टिफिकेट आलं तरी चॅट सर्व्हरला ते पुन्हा वाचायला सांगावं लागतं, नाहीतर तो जुनंच दाखवत बसतो.

ग्रुप आणि फोटोंसाठी वेगळे रेकॉर्ड लागतात का?

एक्सएमपीपीमध्ये ग्रुप सहसा कॉन्फरन्स.उदाहरण.कॉम अशा उपनावावर असतात. तुमच्याच सर्व्हरवरच्या लोकांसाठी त्याला डीएनएसची गरज नाही, सगळं आतल्या आत चालतं. बाहेरच्या सर्व्हरवरच्या मित्रांना ग्रुपमध्ये घ्यायचं असेल तर मात्र त्या उपनावालाही ए रेकॉर्ड किंवा _एक्सएमपीपी-सर्व्हरचा एसआरव्ही हवा, आणि सर्टिफिकेटमध्ये ते नावही हवं.

फोटो आणि फाइल एचटीटीपीने जातात आणि एचटीटीपी एसआरव्हीकडे बघत नाही. अपलोड.उदाहरण.कॉमसारख्या नावाला सरळ ए रेकॉर्ड द्या. मजकूर जातोय पण फोटो जात नाहीत, असं कुणी म्हणालं की मी आधी हाच रेकॉर्ड तपासतो.

मॅट्रिक्ससाठी हेच करायचं का?

नाही, तिथला मार्ग वेगळा आहे. मॅट्रिक्समध्ये डीएनएसपेक्षा वेबसाइटवर ठेवलेली छोटी फाइल जास्त कामाची. उदाहरण.कॉमच्या वेबसाइटवर ‘वेल-नोन’ फोल्डरमध्ये दोन फाइल ठेवतात: एक इतर सर्व्हरसाठी, दुसरी ॲपसाठी. पहिलीत लिहायचं, ‘आमचा सर्व्हर मॅट्रिक्स.उदाहरण.कॉमच्या ४४३ वर आहे’. मग डीएनएसमध्ये त्या नावाचा ए रेकॉर्ड पुरतो.

ही फाइल नसेल तर इतर सर्व्हर _मॅट्रिक्स-फेड._टीसीपी हा एसआरव्ही शोधतात. त्याआधीचं _मॅट्रिक्स._टीसीपी हे नाव आता कालबाह्य ठरवलेलं आहे, जुने लेख वाचून तेच टाकू नका. काहीच सापडलं नाही तर ते डोमेनच्या ८४४८ पोर्टवर जातात.

सर्टिफिकेटचा नियम इथे मार्गाप्रमाणे बदलतो. फाइलने वळवलं असेल तर वळवलेल्या नावाचं सर्टिफिकेट लागतं, कारण ती फाइलच एचटीटीपीएसने, म्हणजे ओळख पटवून आलेली असते. एसआरव्हीने वळवलं तर मूळ नावाचं. तर्क मघाचाच. म्हणूनच वेबसाइट हाताशी असेल तर मी फाइलचा मार्ग सुचवतो.

ॲपसाठीची फाइल ब्राउझरमधूनही वाचली जाते, तेव्हा तिच्यासोबत सगळ्यांना परवानगी देणारा कॉर्स हेडर (दुसऱ्या साइटच्या पानांना फाइल वाचू देणारी सूचना) पाठवायला विसरू नका.

एक्सएमपीपी ब्राउझरमधून वापरायचं असेल तर?

वेबपेजला एसआरव्ही विचारता येत नाही. त्यासाठी वेबसाइटच्या ‘वेल-नोन’ फोल्डरमध्ये होस्ट-मेटा नावाची फाइल ठेवून त्यात वेबसॉकेटचा (ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या सतत उघड्या जोडणीचा) पत्ता द्यायचा. याच कामासाठी पूर्वी एक टीएक्सटी रेकॉर्ड वापरत, आता नको.

सर्व्हर घरी आहे आणि आयपी बदलत राहतो. जमेल का?

जमेल. पत्ता आणि मशीन वेगळं ठेवल्याचा फायदा इथेच दिसतो. आयपी बदलला की फक्त चॅट.उदाहरण.कॉमचा ए रेकॉर्ड बदलायचा, एसआरव्हीला हात लावायचा नाही. हे काम डायनॅमिक डीएनएसची छोटी स्क्रिप्ट करते. त्या एका रेकॉर्डचा टीटीएल ६० ते ३०० सेकंद ठेवा.

त्याआधी राउटरच्या पानावर त्याला बाहेरून मिळालेला आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांमध्ये वाटलेला आहे. मग डीएनएस कितीही अचूक असला तरी बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. उपाय दोन-तीनच: कंपनीकडून सार्वजनिक आयपी घ्या, आयपीव्ही६ वापरा, किंवा बाहेरच्या छोट्या सर्व्हरवरून वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा घरापर्यंत आणा.

बाहेरून चालतं पण घरच्या वाय-फायवर चालत नाही, असं झालं तर राउटर आतून बाहेर जाऊन पुन्हा आत येऊ देत नाहीये. राउटरमध्ये ‘हेअरपिन’ किंवा ‘लूपबॅक’ची सोय शोधा, किंवा घरातल्या डीएनएसमध्ये त्याच नावाला आतला आयपी द्या.

डीएनएस पुरवठादाराची प्रॉक्सी चालू ठेवू का?

चॅटच्या मशीनच्या नावावर नको. या प्रॉक्सी मशीनच्या पुढे उभ्या राहतात आणि साधारणपणे फक्त वेबची वाहतूक पुढे नेतात. ५२२२ किंवा ५२६९ वर आलेलं तिथेच अडकतं. रेकॉर्ड ‘फक्त डीएनएस’ या स्थितीत ठेवा.

कॉलसाठी काही वेगळं?

टर्न सर्व्हर लागतो, म्हणजे दोन फोन थेट जोडले जात नाहीत तेव्हा कॉल मधून पुढे नेणारा. त्याला एक नाव, एक ए रेकॉर्ड, नेहमीचा पोर्ट ३४७८ आणि टीएलएससाठी ५३४९. एसआरव्ही टाकले तरी चालतं, पण बहुतेक ॲप तो पत्ता चॅट सर्व्हरकडूनच घेतात.

बदल ‘पसरायला’ दोन दिवस लागतात का?

पसरत काहीच नाही. बदल तुमच्या नेमसर्व्हरवर बहुधा मिनिटभरात लागतो. बाहेरच्या रिझॉल्व्हरकडे (ॲपच्या वतीने डीएनएसला विचारणाऱ्या सर्व्हरकडे) जुनं उत्तर साठवलेलं असतं, त्याचा टीटीएल संपेपर्यंत ते तेच देत राहतात. टीटीएल ३६०० असेल तर जास्तीत जास्त तासभर. दोन दिवसांची गोष्ट खरी आहे ती नेमसर्व्हरच बदलता तेव्हा, कारण .कॉमसारख्या वरच्या पातळीवर त्या रेकॉर्डचा टीटीएल ४८ तासांचा असतो.

एक छुपा सापळा: ‘असा रेकॉर्ड नाही’ हे उत्तरही साठवलं जातं. रेकॉर्ड टाकण्याआधीच अधीर होऊन तपासलंत, की तुमचा रिझॉल्व्हर ते ‘नाही’ धरून बसतो. किती वेळ, ते एसओए रेकॉर्डच्या शेवटच्या आकड्यावरून ठरतं. आधी टाका, मग तपासा.

तपासायचं कशाने?

टर्मिनलवर डिग ही आज्ञा. प्रकार एसआरव्ही, पुढे पूर्ण नाव, आणि थोडक्यात उत्तरासाठी +शॉर्ट. आधी थेट तुमच्या नेमसर्व्हरला विचारा, नंतर १.१.१.१ किंवा ८.८.८.८ या सार्वजनिक रिझॉल्व्हरला. पहिल्याचं उत्तर बरोबर आणि दुसऱ्याचं जुनं असेल तर फक्त थांबायचंय. पहिल्याचंच चुकीचं असेल तर चूक पॅनेलमध्ये आहे. विंडोजवर एनएसलुकअप आहेच.

प्रोसोडी हा एक्सएमपीपी सर्व्हर वापरत असाल तर ‘प्रोसोडीसीटीएल चेक डीएनएस’ ही आज्ञा काय राहिलंय ते स्वतःच सांगते. मॅट्रिक्ससाठी फेडरेशन टेस्टर आहे. पोर्टची चाचणी मात्र घराबाहेरून करा, मोबाइल डेटावरून केली तरी चालेल.

डीएनएससेक चालू करू का?

डीएनएससेक म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवर सही. पुरवठादार ते एका बटणावर देत असेल तर जरूर. फक्त नेमसर्व्हर बदलण्याआधी रजिस्ट्रारकडचा, म्हणजे डोमेन जिथे नोंदवलं तिथला, डीएस रेकॉर्ड (त्या सहीच्या किल्लीची नोंद) काढा आणि त्याचा टीटीएल संपू द्या. तो जुनाच राहिला तर सही जुळत नाही, आणि सही तपासणारे रिझॉल्व्हर चॅटच काय, वेबसाइट आणि मेलसुद्धा नाहीसे करतात.

एमएक्स, पीटीआर?

एमएक्स मेल कुठे पोहोचवायचा ते सांगतो, पीटीआर आयपीवरून नाव सांगतो. चॅटला ते लागत नाहीत. सर्व्हर पासवर्ड बदलण्याचे मेल पाठवणार असेल तर एसपीएफ (तुमच्या नावाने मेल कोण पाठवू शकतं ते सांगणारा) आणि पीटीआरचा विचार करा.

डोमेन देवनागरीत असेल तर?

चालतं, पण झोनमध्ये त्याचं प्युनीकोड, म्हणजे रोमन अक्षरांत बसवलेलं, रूप जातं, ‘एक्सएन’ आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं. मॅट्रिक्सच्या पत्त्यातही तेच विचित्र रूप दिसेल. सगळी ॲप असं नाव नीट दाखवतील याचा भरवसा नाही, म्हणून चॅटसाठी मी साधं रोमन नावच घेईन.

सर्व्हर नव्या मशीनवर नेताना क्रम काय ठेवायचा?

आदल्या दिवशी मशीनच्या ए आणि क्वाड ए रेकॉर्डचा टीटीएल ३०० करा. जुना टीटीएल संपेपर्यंत थांबा. नव्या मशीनवर सर्टिफिकेट आधीच नेऊन ठेवा. मग जुन्यावरचा चॅट सर्व्हर बंद करा, डेटा हलवा, नवा चालू करा, आणि दोन्ही रेकॉर्ड एकाच बैठकीत बदला. एसआरव्हीला स्पर्श नको. मोबाइल डेटावरून एक संदेश, एक फोटो आणि बाहेरच्या सर्व्हरवरच्या कुणाला तरी एक निरोप पाठवून बघा. तिन्ही पोहोचले की टीटीएल परत ३६०० वर न्या.